गाठीच्या रक्तवाहिन्या इतक्या वेड्यावाकड्या का?

आजचा विषय थेट घरातून आलाय. माझ्या मावशीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, आणि तो लिव्हरमध्ये पसरलाय. केमोसोबत डॉक्टरांनी आणखी एक औषध सुरू केलं, बेव्हॅसिझुमॅब. आम्हाला कळलं ते इतकंच, की याने गाठीचा रक्तपुरवठा तुटतो. मी कोड लिहिणारा माणूस, लगेच बग दिसला. रक्तच तोडलं तर केमो गाठीपर्यंत पोहोचणार कशी? तीही रक्तातूनच जाते ना!

आधी नॉर्मल रक्तवाहिन्या बघू. मोठी धमनी, तिला फाटे, मग केसाहून बारीक केशवाहिन्या, आणि परत शिरा. सगळं शिस्तीत. आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, आणि बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशींनी धरून ठेवलेलं. ऑक्सिजन केशवाहिनीपासून जेमतेम ०.१ ते ०.२ मिलीमीटर आत झिरपतो. त्यामुळे जवळपास प्रत्येक पेशीच्या शेजारी एक तरी केशवाहिनी लागतेच.

गाठ एक-दोन मिलीमीटरची होईपर्यंत तिचं आसपासच्या रक्तावर भागतं. त्यापुढे आतल्या पेशी गुदमरतात आणि व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात. म्हणजे 'इकडे नवी लाइन टाका' असा मेसेज. जखम झाली की शरीर हाच मेसेज पाठवतं, पण जखम भरली की तो थांबतो. गाठीत तो थांबतच नाही. एक्झिट कंडिशन नसलेला लूप समजा!

मग घाईघाईत जे बांधकाम होतं, ते तसंच असतं. नळ्या वाकड्यातिकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे चिंचोळ्या, काही तर पुढे जाऊन बंद. पेरिसाइट सैल किंवा गायब. अस्तरात फटी, त्यातून सतत गळती. गळलेलं पाणी साचून गाठीच्या आतला दाब वाढतो, आणि त्या दाबाविरुद्ध औषधाला नळीतून बाहेर पडणं अवघड जातं. नळ्या भरपूर, पण पुरवठा बेभरवशाचा. काही कोपऱ्यांत ऑक्सिजनच नाही, आणि ऑक्सिजन कमी असला की रेडिएशनचाही परिणाम कमी होतो.

१९७१ मध्ये बोस्टनचे सर्जन ज्यूडा फोकमन यांनी मांडलं, की नव्या रक्तवाहिन्याच रोखल्या तर गाठ उपाशी राहील. व्हीईजीएफला अडवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबला २००४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, तीही केमोसोबत द्यायला. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या चाचणीत रुग्णांचं मध्यक आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेलं.

म्हणजे माझा बग अजून तसाच! उत्तर सापडलं राकेश जैन यांच्याकडे. आयआयटी कानपूरचे केमिकल इंजिनिअर, पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक. २००१ मध्ये ते म्हणाले, की योग्य प्रमाणात दिलं तर हे औषध काही काळ नळ्या तोडत नाही, दुरुस्त करतं. कच्च्या नळ्या गळून जातात, उरलेल्या घट्ट होतात, गळती आणि दाब कमी होतो, आणि केमो आत पोहोचते. ही खिडकी कायम उघडी राहत नाही, आणि डोस जास्त झाला तर उरलेल्या नळ्याही जातात.

आता कामाची गोष्ट. व्हीईजीएफ आपल्या चांगल्या रक्तवाहिन्यांनाही लागतं. म्हणून या औषधावर बीपी वाढू शकतं, लघवीतून प्रोटीन जाऊ शकतं, जखमा उशिरा भरतात. ठरवून करायच्या ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी ते थांबवतात. मावशीला दाढ काढायची होती, आणि आम्ही डेंटिस्टला या औषधाबद्दल सांगितलंच नव्हतं. वेळेवर लक्षात आलं. तुमच्या घरी कुणी हे औषध घेत असेल, तर दाताच्या डॉक्टरांनाही सांगा, आणि आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

मावशीला परवा हे सगळं समजावलं. म्हणाली, "म्हणजे आधी प्लंबर, मग औषध." बस, एवढंच. भेटू पुढच्या भागात!