गच्ची नसलेल्यांनी काय करायचं?

गच्चीवरच्या सौर पॅनेलसाठीच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय. पण इंदूरसारख्या शहरात खरा प्रश्न गच्ची कोणाची, हा आहे.

राजवाड्यामागच्या वाड्यातल्या भाडेकरूला ती नाहीच. फ्लॅटवाल्यांची गच्ची सामायिक. तीही पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टच्या खोलीने अडवलेली. सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार मिळतात, पण ते लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी. घरातला मीटर पळायचा तसा पळतोच.

दुसरी मेख गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. केंद्राच्या वीज-ग्राहक नियमांतल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक पाहणीशिवाय मंजूर होतात. पण भरदुपारी सगळ्या गच्च्या एकदम वीज बाहेर सोडू लागल्या, की व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर बंद पडतात. ज्याच्याकडे आधी पैसे, त्याने एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी जागा धरलेली असते. पाच किलोवॅटपर्यंत यंत्रणा बळकट करायचा खर्च वितरण कंपनीचा. म्हणजे शेवटी सगळ्यांच्याच बिलातला, भाडेकरूच्याही.

इथे इंदूरजवळच्या सनावदियाच्या जनक पलटा मॅकगिलिगन आठवतात. २०१५ च्या पद्मश्री. सौरचुलीवर स्वयंपाक करणाऱ्या आणि शेकडो जणांना तो शिकवणाऱ्या. त्यांनी आणि पती जिमी यांनी घरी ऊन-वाऱ्यावरची वीज केली आणि शेजारच्या आदिवासी वस्तीतले रस्त्यावरचे दिवेही तिच्यावर लावले. अनुदानाच्या तक्त्यात न बसणारा हा हिशेब मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

महापालिकेलाही तो अर्धा उमगला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढून तिने जलूदला ६० मेगावॅटचा प्रकल्प हाती घेतला. नर्मदेचं पाणी उचलणाऱ्या पंपांचं बिल उतरावं म्हणून. रोखे घेणाऱ्याला व्याज मिळतं, युनिट मात्र नाही.

युनिट वाटण्याची सोय दिल्लीच्या वीज नियामकाने २०१९ मध्येच नियमांत आणली: प्रकल्प एका ठिकाणी, वजावट अनेकांच्या बिलांत. सूर्यघरच्या मार्गदर्शक सूचनांतही ती बसते. मग इंदूरच्या पोलोग्राउंडवरच्या वितरण कंपनीने प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर किती जागा उरली ते जाहीर करावं आणि तिचा एक हिस्सा अशा सामायिक प्रकल्पांसाठी राखून ठेवावा. नाहीतर बंगलेवाल्यांचं बिल शून्यावर येईल आणि तारांचा खर्च वाड्यातला भाडेकरू भरत राहील.