विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही

वाटेत घंटा दिसली की बिनधास्त वाजवा. देवळातली नाही ती. अस्वलं लांब राहावीत म्हणून टांगलेली आहे! जपानच्या किसो खोऱ्यातला मागोमे ते त्सुमागो हा घाटरस्ता जेमतेम ८ किलोमीटरचा. एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणाऱ्या ६९ मुक्कामांच्या नाकासेंदो मार्गाचा हा तुकडा. एकटं चालता येतं, पण गाइड घ्याच. नाहीतर नुसतेच फोटो काढून परत याल.

गाइडला नाक्यांबद्दल विचारा. याच मार्गावर पुढे फुकुशिमाला तपासणी नाका होता. तिथे करडी नजर दोन गोष्टींवर: एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून निघणाऱ्या बायका. बायका का? तर सरदारांची बायकामुलं शोगुनने एदोत ओलीस ठेवलेली. बायको गुपचूप निसटली म्हणजे नवरा बंडाच्या तयारीत, असा सरळ हिशोब.

त्सुमागोत पोचलात की मान वर करा. विजेचे खांब, तारा काही दिसणार नाही. सगळं घरांमागे लपवलंय. रेल्वे आल्यावर ही वाट मागे पडली, गाव रिकामं होत गेलं. अशा वेळी जुनी घरं विकून मोकळं होणं किती सोपं! पण १९७१ साली गावकऱ्यांनी उलटंच ठरवलं: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही.

आणि हो, हा सिनेमाचा सेट नाही. या घरांत माणसं राहतात. दार उघडं दिसलं म्हणून सेल्फीसाठी आत शिरू नका.