मांजराची कातडीखालची ओळख

सुरगाणा तालुक्यात गाईबैलांच्या कानातला पिवळा बिल्ला आता सवयीचा झाला आहे. त्यावरच्या १२ अंकांवरून जनावर कुणाचं, त्याला कोणत्या लसी टोचल्या, हे कळतं. कणगीतलं भात उंदरांपासून राखणाऱ्या मांजराला मात्र अशी काही ओळख नसते. ती सोय मायक्रोचिप करते.

भाताच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांबीची ही काचेची कुपी जाड सुईने दोन्ही खांद्यांमधल्या सैल कातडीखाली सोडतात. लस टोचायला लागतो तेवढाच वेळ. एरवी भूल द्यावी लागत नाही. आत बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्याच लहरींवर चिप जागी होते आणि १५ अंकी क्रमांक देते. बस, एवढंच. मांजर कुठे फिरतंय ते चिप दाखवत नाही, मालकाचं नावही तिच्यात नसतं. नाव आणि फोन नोंदणीत असतात. फोन बदलला आणि नोंद तशीच राहिली, तर सापडलेलं मांजरही घरी पोचायचं नाही. दुर्लक्ष होतं ते नेमकं इथेच.

इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला २० आठवड्यांचं होण्याआधी चिप बसवणं सक्तीचं आहे. आपल्याकडे आधी जवळच्या पशुवैद्यकांकडे स्कॅनर आहे का, ते विचारून घ्यावं. नसेल तर ओढ बसताच सुटणारा गळपट्टा घ्यावा, म्हणजे फांदीत अडकून फास बसत नाही. त्यावर फोन नंबर ठळक लिहावा. चिप असली तरी हा पट्टा हवाच, कारण शेजारच्या पाड्यावरच्या माणसाला तो नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो.