मागे कधी फिरायचे?

घरी बांधलेले छोटे विमान आकाशात झेपावते तेव्हा सारे कौतुक त्याच्या उड्डाणाचे होते. पण वैमानिकाचा जीव वाचतो तो दोन निर्णयांवर : वादळ दिसले की मागे फिरणे आणि इंजिन बंद पडले की मागे न फिरणे!

एप्रिल-मे महिन्यांत म्हैसूरची सकाळ मोठी प्रसन्न असते. आकाश निळे, वारा मंद आणि चामुंडी टेकडी दुरूनही स्पष्ट दिसते. छोटे विमान उडवणाऱ्याला याहून चांगली वेळ कोणती? पण दुपार कलली की चित्र पालटते. तापलेल्या पठारावरून वर चढणारी हवा आणि समुद्राकडून आलेला दमटपणा यांची गाठ पडते आणि पाहता पाहता काळाकुट्ट ढग उभा राहतो. आपण ज्याला वळीव म्हणतो, त्यालाच तिकडे ‘मँगो शॉवर’ म्हणतात. हा पाऊस शेतकऱ्याला हवाहवासा वाटतो, पण दोन आसनी विमानात बसलेल्याची तो सत्त्वपरीक्षा पाहतो.

याचे पहिले कारण वजनाचे. आपण प्रवास करतो ते एअरबस ए-३२० उड्डाणाच्या वेळी ७०-७५ टनांपर्यंत भरते. मायक्रोलाइट म्हणून ओळखले जाणारे विमान माणसांसकट जेमतेम साडेचारशे किलोंचे असते. ताशी ५० किलोमीटरचा झोत मोठ्या विमानाला धक्का देतो. छोट्याला तो उचलून आपटू शकतो.

दुसरे कारण उंचीचे. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तापमान ३५ अंशांवर गेले की हवा आणखी विरळ होते. तेव्हा इंजिनाला आणि पंखांना जी हवा मिळते, ती एरवी कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर मिळावी तशी असते! साहजिकच विमानाला धावपट्टी जास्त लागते आणि चढाई मंदावते. सकाळी सहज उडालेले विमान दुपारी दोन माणसांसह कुरकुरते, ते यामुळेच.

गच्चीवरचे विमान

घरच्या घरी विमान बांधण्याचे वेड मराठी माणसालाही नवे नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडले गेले, तेव्हा बघ्यांची रीघ लागली होती. त्याची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी हाती पडली ऑक्टोबर २०१९ मध्ये. पुढे २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. या दिरंगाईबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि त्यातली कागदी अडवणूक कोणालाही चीड आणणारी होती. पण चाचणी मात्र सावकाशच व्हायला हवी. जमिनीवर धावणे, ब्रेक तपासणे, मग उड्डाण, ही पायरी चुकवून चालत नाही.

अमेरिकेत अशी हजारो विमाने आहेत आणि तिथला अनुभव बोलका आहे. एकट्या २०११ या वर्षात हौशी बांधणीच्या विमानांना २२४ अपघात झाले. त्यांपैकी ५४ प्राणघातक ठरले. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने खोलात जाऊन पाहिले, तेव्हा दोन कारणे ठळकपणे पुढे आली : इंजिनाचा बिघाड आणि विमानावरचा ताबा सुटणे. पुष्कळसे अपघात विमान नवे असताना किंवा ते विकत घेतलेल्या नव्या मालकाच्या सुरुवातीच्या उड्डाणांत घडले होते. म्हणजे धोका फक्त विमानाच्या बांधणीत नव्हता. विमान आणि वैमानिक यांची ओळख अपुरी होती, हेही त्यातून दिसले.

१७८ सेकंद

ढगात शिरल्यावर नेमके काय होते? १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. केवळ उपकरणे पाहून विमान चालवण्याचे शिक्षण न घेतलेल्या २० जणांना, बाहेरचे काहीच दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. सोबत अर्थातच शिक्षक होता. एकालाही ताबा राखता आला नाही. कोणी २० सेकंदांत हरला, कोणी ४८० सेकंद टिकला. सरासरी निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत!

कारण साधे आहे. क्षितिज दिसेनासे झाले की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसवू लागते. विमान एका बाजूला कलून गोल फिरत खाली जात असते आणि चालवणाऱ्याला मात्र आपण सरळ चाललो आहोत असे वाटते. म्हणूनच ढग समोर आल्यावर विचार करण्यात अर्थ नाही. तो दुरून दिसताच निर्णय घ्यावा लागतो. उग्र वादळी ढगापासून निदान ३० किलोमीटर दूर राहावे, असे जाणकार सांगतात. कारण ढगाखालून फुटणारा वाऱ्याचा लोट पावसाच्या कितीतरी पुढे धावतो. उतरताना विमान त्यात सापडले, तर आधी समोरून वारा लागून ते वर उचलले जाते आणि पुढच्याच क्षणी मागून वारा लागून खाली कोसळते.

अशा वेळी मागे फिरणे यात कसला आला कमीपणा? घरी वाट पाहणाऱ्यांना उशीर चालतो.

इंजिन बंद पडले तर?

इथे मात्र नियम उलटा होतो. उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले, तर माणसाचे मन धावपट्टीकडे ओढ घेते. कमी उंचीवर असे वळण घेताना वेग घटतो, पंखांची उचल एकाएकी संपते आणि विमान दगडासारखे पडते. म्हणून नाक खाली, वेग कायम आणि समोर जी मोकळी जागा दिसेल तिथे उतरायचे, हाच धडा जगभर शिकवला जातो.

म्हैसूरच्या आसपास उसाचे फड, पाणी भरलेली भातखाचरे, नारळाच्या बागा आणि विजेच्या तारा आहेत. पाण्याच्या खाचरात चाके रुतून विमान उलटते, तर तारा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. म्हणून अनुभवी वैमानिक उड्डाणापूर्वीच कोरडी, मोकळी शेते हेरून ठेवतो आणि वेळ आलीच तर सरींना समांतर उतरतो.

वेगाचा हिशेब तर फार महत्त्वाचा. ताशी ८० किलोमीटरने उतरणारे विमान सुमारे तीन मीटर घसरत थांबले, तर शरीराला साधारण नऊपट गुरुत्वाचा धक्का बसतो. नीट पट्टे बांधलेला माणूस तो सोसू शकतो. वेग दुप्पट असेल तर तेवढ्याच धक्क्यासाठी साडेअकरा मीटर लागतात. म्हणजे वेग दुप्पट, अंतर चौपट! पंख मोडले, चाके तुटली तरी चालेल; धक्का त्यांनी खावा आणि माणूस बसतो ती जागा शाबूत राहावी.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. विमानाची दुर्दशा झाली, पण एकटीच असलेली शिकाऊ तरुणी बचावली. ३० मे २०२३ रोजी बेळगावजवळ होन्निहाळ येथे शिकाऊ विमान शेतात उतरवावे लागले. तेव्हाही आतले दोघे वाचले. ही विमाने कारखान्यात बनलेली होती हे खरे, पण शेतात उतरण्याचे शास्त्र दोन्हीकडे एकच.

छत्रीचा आधार

शेवटचा उपाय म्हणजे सबंध विमानालाच छत्री! अमेरिकेच्या बोरिस पोपोव्ह यांचा ग्लायडर १९७५ मध्ये हवेतच मोडला आणि ते तळ्यात पडून वाचले. पडता पडता सुचलेल्या कल्पनेतून त्यांनी १९८० मध्ये कंपनी काढली. १९८३ मध्ये त्यांच्या छत्रीने पहिला जीव वाचवला. छोटे रॉकेट छत्री बाहेर ओढते आणि विमान तिला लटकून खाली येते. पण उंची फार कमी असेल तर छत्री उघडायला अवसरच मिळत नाही. ती आहे म्हणून ढगात शिरणे म्हणजे हेल्मेट आहे म्हणून भिंतीवर गाडी घालणे.

फेरी मारण्यापूर्वी एवढे विचारा

सुट्टीत मुलाबाळांना छोट्या विमानातून फिरवून आणण्याचा बेत असेल, तर विचारायला संकोच करू नका.

• खांद्यावरून येणारे पट्टे आहेत ना? फक्त कमरेचा पट्टा पुरेसा नाही. छाती आणि डोके समोर आदळतात.
• आजचा हवामान अंदाज वैमानिकाने पाहिला आहे का? उन्हाळ्यात सकाळचीच वेळ मागा.
• विमानाचा आणि वैमानिकाचा परवाना चालू आहे का?
• छत्री असल्यास तिची खटकी कुठे आहे?
• कॅमेरा, बाटली, पिशवी सुटी ठेवू नका. धक्का बसला की त्या गोळीसारख्या सुटतात.

आणि वैमानिकाने ‘आज नको’ म्हटले, तर रुसू नका. तोच वैमानिक भरवशाचा.