सहा वर्षांचा पिवळा पाहुणा

'टाइम' साप्ताहिकाच्या २३ नोव्हेंबर १९७० च्या मुखपृष्ठावर एक पक्षी झळकला. पिवळाधमक, आठ फूट दोन इंच उंच, अंगावर सुमारे चार हजार पिसं. 'सेसमी स्ट्रीट' ही अमेरिकी बालमालिका सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटलं होतं, आणि तिच्यातला हा बिग बर्ड घराघरांतल्या मुलांच्या ओळखीचा झाला होता. त्याच वर्षी तो व्हाइट हाउसमध्ये जाऊन अध्यक्षपत्नी पॅट निक्सन यांना भेटला आणि विनोदवीर फ्लिप विल्सनच्या नव्या कार्यक्रमातही हजेरी लावून आला. मोठ्यांच्या जगात त्याचं येणं-जाणं सुरू झालं ते असं, आणि पुढची पन्नास वर्षं ते थांबलं नाही.

खरं तर पहिल्या काही भागांतला बिग बर्ड वेगळाच होता. डोक्यावर मोजकीच पिसं, बोलण्यात बावळटपणा, चालण्यात धांदल. त्याच्या आत शिरून त्याला चालवणारे-बोलवणारे कलावंत कॅरल स्पिनी यांना काही दिवसांतच वाटू लागलं की हा खुळा पक्षी नाही, हे मूल आहे. निर्मात्यांना ते पटलं आणि बिग बर्डचं वय सहाच्या आसपास ठरलं. ते पुढे कधीच वाढलं नाही. त्याच्या बाहेरच्या साऱ्या मुशाफिरीचं गमक या वयात आहे. कर्मिट बेडूक किंवा मिस पिगी ही बाहुल्यांमधली मंडळी गप्पांच्या कार्यक्रमात जातात तेव्हा ती मुरलेल्या नटांसारखी वागतात, टोमणे मारतात, प्रेक्षकांना डोळा घालतात. बिग बर्डला हे जमत नाही. तो जिथे जाईल तिथे सहा वर्षांचाच राहतो आणि समोरच्या मोठ्या माणसाची पंचाईत होते.

त्याला कुठे नेणं हीसुद्धा सोपी गोष्ट नव्हती. स्पिनी उजवा हात डोक्यावर ताणून धरत आणि त्या हाताने चोच, पापण्या हलवत. डावा हात डाव्या पंखात. उजवा पंख मासेमारीच्या बारीक दोऱ्याने डाव्याला जोडलेला, म्हणजे एक खाली गेला की दुसरा वर. बाहेर बघायला भोक नाही; छातीवर बांधलेल्या चिमुकल्या टीव्हीच्या पडद्यावर जे दिसेल तेवढंच. म्हणजे स्पिनी स्वतःला बाहेरून, प्रेक्षकाच्या नजरेनं पाहत चालत असत. पोशाख कर्मिट लव्ह या कारागिराचा. बेडकाशी त्यांच्या नावाचा संबंध नाही, असं ते सांगत.

सत्तरच्या दशकात 'हॉलिवूड स्क्वेअर्स' या प्रश्नमंजूषेत नामवंतांच्या चौकटींपैकी एक बिग बर्डला मिळाली. १९७९ च्या 'द मपेट मूव्ही'त तो काही सेकंदांपुरता येतो. कर्मिट गाडीतून हॉलिवूडला निघालाय, रस्त्याकडेने बिग बर्ड उलट्या दिशेने चाललाय. कर्मिट 'येतोस का?' विचारतो, तर हा म्हणतो, नको, मी न्यूयॉर्कला निघालोय, सार्वजनिक टीव्हीत नशीब काढायला. सरकारी मदतीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या, पगाराच्या नावानं बोंब असलेल्या वाहिनीत नशीब काढायचं, हा त्यातला विनोद. पुढे याच सरकारी मदतीवरून त्याचं नाव किती गाजणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्याच १९७९ साली विनोदवीर बॉब होप यांच्या चमूबरोबर बिग बर्ड चीनला गेला. अमेरिका आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंध नुकतेच जुळले होते. तिथल्या लोकांनी पक्ष्याला पाहून केलेलं स्वागत स्पिनींच्या मनात राहिलं आणि त्यातून 'बिग बर्ड इन चायना' हा खास कार्यक्रम उभा राहिला. मे १९८३ मध्ये तो एनबीसीवर दाखवला गेला. चिनी दंतकथेतल्या फिनिक्स पक्ष्याच्या शोधात निघालेला बिग बर्ड, सोबत बार्कली हा कुत्रा आणि वाट दाखवायला एक चिनी चिमुरडी. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी दिवाणखान्यांत चीनच्या गल्ल्या आणि शाळकरी मुलं इतक्या सहजपणे फारशी कुणी आणली नव्हती.

१९८३ हे साल एकूणच त्याचं. नोव्हेंबरमध्ये 'डोन्ट ईट द पिक्चर्स' आला. त्यात सेसमी स्ट्रीटची मंडळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये रात्रभर अडकतात आणि बिग बर्डला साहू नावाचा शापित इजिप्शियन राजपुत्र भेटतो. त्याचं हृदय तराजूत पिसापेक्षा हलकं भरलं तरच त्याची सुटका होणार असते. दुःखानं जड झालेलं मुलाचं हृदय जोखणं हा अन्याय आहे, असं बिग बर्ड थेट ओसायरिस या देवाला सुनावतो. एखाद्या संग्रहालयाची जाहिरात म्हणून सुरू झालेली गोष्ट इतकी खोल जावी, ही करामत त्या पक्ष्याच्या भाबडेपणाचीच. त्यानंतर आठच दिवसांनी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, मालिकेचा तो प्रसिद्ध भाग लागला. दुकानदार मिस्टर हूपरची भूमिका करणारे विल ली आदल्या डिसेंबरात वारले होते. हूपर परत का येणार नाही, हे बिग बर्डला समजावताना मोठ्यांचे गळे दाटून येतात. मुलांनी प्रश्न विचारले तर आई-वडील घरी असावेत, म्हणून मुद्दाम सुट्टीचा दिवस निवडला होता. मृत्यूविषयी मुलांशी कसं बोलावं, या चर्चेत तो भाग आजही दाखला म्हणून दिला जातो.

१९८५ मध्ये त्याला स्वतःचा सिनेमा मिळाला, 'फॉलो दॅट बर्ड'. पक्ष्याने पक्ष्यांच्याच घरात राहावं, असं मानणारी एक समाजसेविका त्याला डोडो कुटुंबात धाडते. तिथून तो पळतो आणि दोन भामट्यांच्या तावडीत सापडतो. ते त्याला निळा रंगवून जत्रेत उभा करतात. चेव्ही चेस, जॉन कँडी, वेलन जेनिंग्स अशी मातब्बर नावं असूनही सिनेमा तिकीटबारीवर फार चालला नाही. पण निळा, पिंजऱ्यातला बिग बर्ड ज्यांनी लहानपणी पाहिला ते त्याला विसरले नाहीत.

याच सुमारास त्याचं अवकाशात जाणं टळलं. मुलांना अंतराळ मोहिमांची गोडी लागावी, म्हणून बिग बर्डच्या रूपात झेपावाल का, अशी विचारणा नासाने आपल्याकडे केली होती, असं स्पिनींनी आत्मचरित्रात आणि पुढे 'आय ॲम बिग बर्ड' या माहितीपटात सांगितलं. आठ फुटांचा पोशाख यानात मावणं शक्य नव्हतं. प्राथमिक बोलणी झाली होती, पण योजनेला मंजुरी कधीच मिळाली नव्हती, असं नासानेही २०१५ मध्ये मान्य केलं. शेवटी शाळेतल्या शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ यांची निवड झाली. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर यान हवेतच फुटलं, सातही जण गेले. 'सेसमी स्ट्रीट'च्या मंडळींनी चित्रीकरण थांबवून ते उड्डाण पाहिलं होतं. मुलांचा लाडका पक्षी त्या यानात असता तर, हा विचार स्पिनींना आयुष्यभर छळत राहिला.

मे १९९० मध्ये या बाहुल्यांचे जनक आणि कर्मिटला बोलवणारे जिम हेन्सन वारले. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथेड्रलमधल्या स्मृतिसभेत बिग बर्ड एकटा पुढे आला आणि त्याने कर्मिटचं 'बीइंग ग्रीन' म्हटलं. ज्या हाताने कर्मिट बोलायचा तो हात आता नव्हता. शेवटी त्याने आभार मानले तेही कर्मिटचे. बाहुल्यानं बाहुल्याच्या गेलेल्या आवाजाला दिलेला हा निरोप आजही पुन्हा पुन्हा पाहिला जातो.

त्यानंतरची वर्षं मानसन्मानांची. १९९४ मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर तारा, २००० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'लिव्हिंग लेजंड' किताब, २००४ मध्ये 'द वेस्ट विंग'च्या एका भागात व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या सी. जे. क्रेग यांच्याशेजारी बसण्याचा मान. हे सगळं गोड होतं, आणि थोडं सपकही.

३ ऑक्टोबर २०१२ ला सपकपणा संपला. डेन्व्हरमध्ये बराक ओबामा आणि मिट रॉम्नी यांची अध्यक्षीय वादचर्चा होती, सूत्रसंचालक होते पीबीएस या सार्वजनिक वाहिनीचे जिम लेहरर. रॉम्नी त्यांना म्हणाले, तुम्ही मला आवडता, बिग बर्डही आवडतो, पण पीबीएसचं अनुदान मी बंद करीन. चर्चा कर, रोजगार, आरोग्यविमा अशी गंभीर होती. समाजमाध्यमांवर मात्र लोकांनी उचलला तो पक्षी. बिग बर्ड बेरोजगारांच्या रांगेत, बिग बर्ड हातात पाटी घेऊन रस्त्यावर, अशी चित्रं रातोरात फिरू लागली. तीन दिवसांनी तो खुद्द 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'च्या बातम्यांच्या टेबलावर आला आणि कुणाची बाजू घ्यायचं त्याने नम्रपणे नाकारलं. ओबामांच्या प्रचारकांनी त्याला घेऊन उपहासाची जाहिरात काढली, तेव्हा मालिकेची निर्माती संस्था सेसमी वर्कशॉपने ती काढून टाकायला सांगितलं. संस्था कुठल्याच पक्षाची नाही, हे कारण. निवडणुकीच्या तोंडावर वॉशिंग्टनमध्ये बाहुल्यांचा मोर्चाही निघाला. त्या गदारोळात कुणी फारसं सांगितलं नाही की 'सेसमी स्ट्रीट'चा मोठा खर्च खेळणी, परवाने आणि देणग्यांतून भागतो. सरकारी पैशावर खरी मदार छोट्या गावांतल्या केंद्रांची होती. बिग बर्ड चेहरा म्हणून सोयीचा होता, इतकंच.

स्पिनी २०१८ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात वारले. सूत्रं मॅट व्होगेल यांच्याकडे गेली. २०२१ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या गच्चीवर कलावंत ॲलेक्स द कोर्टे यांनी चंद्रकोरीवर बसलेला बिग बर्ड उभारला, हातात शिडी, अंगावर ॲल्युमिनियमची सुमारे सात हजार पिसं, आणि रंग निळा. सिनेमातला तो रंगवलेला पक्षी त्यामागे आहेच. द कोर्टे यांचं बालपण व्हेनेझुएलात गेलं, आणि ब्राझीलच्या मालिकेतला बिग बर्डचा भाऊबंद गारिबाल्दो निळाच होता. भारतातल्या 'गली गली सिम सिम'मध्ये मात्र पक्षी आलाच नाही; त्याच्या जागी बूंबा नावाचा सिंह होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना कोविडची लस खुली झाली. बिग बर्ड सहा वर्षांचा, म्हणजे नियमात बसणारा. पंख जरा दुखतोय, असं त्याने ट्विटरवर लिहिलं आणि टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ यांनी तो सरकारी प्रचार ठरवला. लोकांनी लगेच १९७२ ची चित्रफीत शोधून काढली. तिच्यात हाच पक्षी गोवराची लस टोचून घेताना दिसतो. तेव्हा कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

सार्वजनिक प्रसारणाचं केंद्रीय अनुदान रॉम्नींना बंद करायचं होतं, ते अखेर जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने रद्द केलं. मालिका आता नेटफ्लिक्सवर आणि पीबीएसवर एकाच दिवशी दिसते. अनुदान रद्द होण्याआधी मार्चमध्ये काँग्रेसमध्ये झालेल्या सुनावणीत मात्र बिग बर्डच्या वाट्याचा विनोद मालिकेतल्या दुसऱ्याच बाहुल्याने पळवला. खासदार रॉबर्ट गार्सिया यांनी पीबीएसच्या प्रमुख पॉला केर्गर यांना चेहरा गंभीर ठेवून विचारलं, लाल रंगाचा तो एल्मो कधी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता का?