अरबस्तानच्या वाळवंटातील मालमोटार

ज्या शाळेत आम्ही भूगोलाच्या वहीतील अरबस्तान पिवळ्या खडूने रंगविला, त्याच शाळेच्या वार्षिकांकासाठी त्या पिवळ्या भागाविषयी काही लिहावे, अशी मुख्याध्यापकांची आज्ञा झाली. आम्ही लेखक नव्हे. १९७० साली एस.एस.एल.सी. झाल्यावर आम्ही काही वर्षे निपाणीच्या तंबाखूचे बोद लादलेली मालमोटार पुणे-बंगळूर रस्त्याने चालविली. १९७७ च्या अखेरीस मुंबईहून दम्मामला गेलो आणि सहा वर्षे तेथील वाळवंटातून लॉरी हाकली. तेव्हा ह्या लेखात पुस्तकी ज्ञान कमी आणि धूळ अधिक आढळल्यास वाचकांनी राग मानू नये.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. वाळवंट म्हटले की सर्वत्र वाळूच्या टेकड्या, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. दक्षिणेकडील 'रुब अल खाली', म्हणजे रिकामा चतुर्थांश, हा सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटरांचा प्रदेश खरोखरच तसा आहे. उत्तरेकडे 'नफूद' नावाचे तांबूस वाळूचे क्षेत्र आहे, आणि या दोहोंना जोडणारा 'दहना' हा वाळूचा चिंचोळा पट्टा धनुष्यासारखा वाकून हजार किलोमीटरांहून अधिक लांब पसरला आहे. परंतु ज्या उत्तर भागातून आम्ही बहुतेक प्रवास केला, तो निव्वळ खडीचा माळ! हफर अल बातिनच्या आसपासचा दिबदिबा हा प्रदेश म्हणजे प्राचीन काळी पश्चिमेकडून वाहत आलेल्या नदीने आणून टाकलेल्या गोट्यांची चादर होय. पुढे रफ्हाकडे जावे तो दगडाळ पठार लागते. अशा भूमीवर लॉरी रुतत नाही; मात्र तिचे पाटे आणि चालविणाऱ्याची कंबर, दोन्ही मोडतात.

या माळावरून रस्ता कसा झाला, ही कथा मनोरंजक आहे. अरबस्तानच्या पूर्व भागातील तेल भूमध्य समुद्रापर्यंत नेण्यासाठी एका अमेरिकी मंडळीने १९४७ ते १९५० या काळात कैसूमापासून लेबाननमधील सैदा बंदरापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर लांबीची नळवाट टाकली. नळ सुमारे तीस इंच व्यासाचा. तेल पुढे रेटण्यासाठी वाटेत जी पंपगृहे बांधली, त्यांच्या भोवती वस्ती वाढून रफ्हा, अरार, तुरैफ ही गावे उभी राहिली. पंपगृहांपाशी खोल विहिरी खणल्या, त्यामुळे उंटांचे कळप घेऊन बदू लोक तेथे येऊ लागले. नळाची देखभाल करण्यासाठी त्याच्या कडेने जी वाट आखली, तीच पुढे रस्ता झाली. तिला सर्वजण 'टॅपलाइन रोड' म्हणत. दिशा चुकण्याचे भय तेथे नसे. नळ जोवर बाजूस दिसतो आहे, तोवर आपण जगात आहोत, असे आम्हांस वाटे.

आता इतक्या लॉऱ्या तेथे का धावू लागल्या, तेही सांगितले पाहिजे. १९६७ च्या युद्धानंतर सुएझ कालवा जून १९७५ पर्यंत बंद होता. मध्यंतरी १९७३ मध्ये तेलाचे भाव कडाडले आणि अरब देशांच्या हाती अमाप पैसा आला. शहरे, इस्पितळे, विमानतळ, सारे एकदम बांधावयाचे. पण माल उतरवून घेण्यास बंदरे अपुरी. जहाजे महिनोन् महिने समुद्रात खोळंबून राहत. जेद्दाच्या बंदरात तर १९७६ च्या सुमारास सिमेंटची पोती हेलिकॉप्टरने उतरवून घेण्याची पाळी आली! तेव्हा युरोपातील व्यापाऱ्यांनी माल सरळ लॉरीनेच पाठविण्यास प्रारंभ केला. इंग्लंड, जर्मनी, हॉलंड येथून निघालेल्या लॉऱ्या तुर्कस्तान, सीरिया, जॉर्डन ओलांडून तुरैफपाशी आमच्या रस्त्यास लागत. धुळीने माखलेले ते गोरे लॉरीवाले चहाच्या टपरीवर आमच्याशेजारी बसत. भाषा येत नसल्याने हाताच्या खुणांनी पुढील वाटेची चौकशी होई.

ह्या भागात मोटार नेण्याची कल्पना मात्र बरीच जुनी. पहिल्या महायुद्धात या प्रदेशात नोकरी केलेल्या नेर्न आडनावाच्या दोघा न्यूझीलंडच्या बंधूंनी १९२३ मध्ये दमास्कस ते बगदाद अशी टपालाची आणि उतारूंची मोटार सुरू केली. उंटांच्या तांड्यास जेथे कित्येक आठवडे लागत, तेथे त्यांची मोटार दोन दिवसांच्या आत पोहोचे.

आमची लॉरी पुढे लांब नाक असलेली जर्मन बनावटीची होती. चक्र डाव्या बाजूस आणि वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने; त्यामुळे पहिले पंधरा दिवस डोके गोंधळून गेले. तेथे काही लॉऱ्यांची इंजिने पाण्याऐवजी हवेने थंड होणारी असत. जेथे पिण्याच्याच पाण्याचे मोल, तेथे रेडिएटरला कोठून पाजणार? आमच्या लॉरीला मात्र पाणी लागे. माणसाचे म्हणाल, तर उन्हाळ्यात कष्ट करणाऱ्यास दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवे. आरशाच्या दांडीला आम्ही कॅनव्हासची छागल बांधीत असू. छागल झिरपते, झिरपलेले पाणी वाऱ्याने उडून जाते, आणि उडताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपल्या घरच्या माठाचाच हा न्याय आहे.

टायरांचे शास्त्र आम्हांस एका पेशावरकडील वृद्ध चालकाने शिकविले. त्यांना सारे खानसाहेब म्हणत. डांबरी रस्त्यावर दुपारी टायर तापून आतील हवेचा दाब वाढतो. नवखा चालक घाबरून थोडी हवा सोडून देतो. येथेच चूक होते. हवा कमी झाली की टायर अधिक चेपतो, चेपला की त्याच्या कडा सतत वाकतात, वाकण्याने अधिक तापतात आणि शेवटी फुटतात. म्हणून डांबरावर तापलेल्या टायरास हात लावू नये. मऊ वाळूत याच्या नेमके उलट. तेथे हवा जवळजवळ निम्मी करावी. टायर पसरतो, ओझे मोठ्या जागेवर वाटले जाते आणि चाक वाळू न कापता तिच्यावरून चालते. उंटाचा तळवा पसरट का, हे मग ध्यानात येते. "लॉरी को ऊँट बनाओ, बेटा," असे खानसाहेब म्हणत.

मृगजळाविषयी तुम्ही विज्ञानात शिकला असालच. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, तिच्यातून येताना आकाशाचा प्रकाश वळतो आणि आकाशाचाच तुकडा जमिनीवर पाण्यासारखा चकाकतो. कारण ठाऊक असले तरी डोळे फसतातच, हे अनुभवाने सांगतो. आणि थंडीचेही ऐका. तुरैफला हिवाळ्यात कधी कधी बर्फ पडते! पहाटे डिझेल घट्ट होऊन इंजिन सुरू होत नसे. अरबस्तानात शेकोटीसाठी लाकडे शोधीत फिरलो, असे निपाणीत सांगितले तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही.

आता जो प्रसंग सांगण्यासाठी ही लेखणी उचलली, तो सांगतो. १९७८ चा जुलै महिना होता. सिमेंट भरून आम्हांस रफ्हाच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून दक्षिणेस एका बांधकामाच्या छावणीवर जावयाचे होते. सोबत क्लीनर म्हणून रत्नागिरीकडील खेडचा एक तरुण होता. त्याला येऊन जेमतेम महिना झालेला. वळणावर डिझेलचा पंप होता आणि त्याच्याजवळ पत्र्यावर हाताने रंगविलेली पाटी. पाटीवर छावणीचे नाव, त्यापुढे एक उभी रेघ, एक वर्तुळ आणि एक ठिपका. रेघ म्हणजे एक, वर्तुळ म्हणजे शून्य. ठिपका रंग ओघळून पडला असावा. दहा किलोमीटर! टाकीत डिझेल थोडेच होते, पाण्याचा डबाही अर्ध्यावर आला होता. पण दहा किलोमीटरांसाठी कोण थांबतो? दोन्ही छावणीवरच भरू, असे ठरवून आम्ही पुढे निघालो.

दहा झाले, वीस झाले, तरी छावणी दिसेना. चाळिसाव्या किलोमीटरावर उजवीकडे चाकोऱ्या फुटलेल्या दिसल्या. छावणी मागे राहिली असावी, असे समजून तिकडे वळलो, आणि खडीचा माळ संपून दहनाची वाळू केव्हा लागली, ते कळलेच नाही. लॉरी मंदावली. अशा वेळी थांबून टायरांतील हवा सोडावयाची, हे खानसाहेबांनी दहा वेळा सांगितले होते. पण तरुणपणीचा अहंकार! आम्ही जोराने डिझेल दिले. मागील चाके जागच्या जागी फिरून आसापर्यंत रुतली. मग उकरणे, फळ्या घालणे, पुन्हा डिझेल देणे, असे संध्याकाळपर्यंत चालले. शेवटी इंजिन धापा टाकून बंद पडले. टाकी कोरडी झाली होती.

पाणी मोजले तर डब्यात सुमारे दहा लिटर आणि छागलीत थोडे. ते दोन माणसांना एका दिवसाचेही नव्हते. रात्री तीनच्या सुमारास जोडीदाराने आम्हांस हलवून जागे केले. "भाई, तो बघा दिवा! छावणीच आहे. मी चालत जातो, तासाभरात माणसे घेऊन येतो." पूर्वेस क्षितिजाशी खरेच एक पिवळसर दिवा लुकलुकत होता. वाळवंटात गाडी सोडून चालत निघू नये, हा तेथील पहिला नियम आहे. गाडी दुरून दिसते, एकटा माणूस दिसत नाही. गाडीला सावली असते, माणसाला ती शोधावी लागते. हे आम्ही परोपरीने सांगितले. तो ऐकेना. चिडून म्हणाला, "तुमच्या दहा किलोमीटरांनीच इथे आणले ना?" त्याचे बोलणे खरे होते, म्हणूनच ते लागले. शेवटी त्याच्या चपला आम्ही आसनाखाली टाकल्या आणि त्यावर बसून राहिलो. तो रडकुंडीस आला. अर्ध्या तासाने तो दिवा क्षितिजापासून हातभर वर चढला. तो तारा होता! त्यानंतर आम्ही दोघेही बोललो नाही.

सकाळी लॉरीखाली हातभर खोल खळगा केला. वरची वाळू भाजते, खालची त्या मानाने थंड असते. त्यात पडून राहिलो. ताडपत्री सोडून टपावर पसरली, की कोणास तिचा हिरवा रंग दिसावा. तहान लागली की पाणी पीत होतो. ते डब्यात राखून जीव वाचत नाही. वाचवावयाचा असतो तो घाम, आणि त्यासाठी सावलीत हालचाल न करता पडणे, एवढाच उपाय. दुपारी डब्याचा तळ दिसू लागला. आईवडिलांचे स्मरण होत होते. ते पुण्यस्मरण म्हणावे की भीती, ते आजही सांगवत नाही.

चारच्या पुढे इंजिनाचा आवाज आला. एक वृद्ध बदू आपल्या उंटांसाठी पाण्याची टाकी वाहणारी लॉरी घेऊन चालला होता. वाळवंटातील बदू त्या काळीच उंटांवरून पाणी नेण्याऐवजी लॉरीने उंटांना पाणी नेऊ लागले होते. प्रथम त्याने पाणी दिले, मग खजूर. त्यानंतर आमच्या चाकांकडे पाहून मान हलविली. एक शब्द न बोलता त्याने चारी बाजूंच्या टायरांची हवा सोडली. आपल्या टाकीतून नळीने डिझेल काढून दिले. टाकी एकदा कोरडी पडली की डिझेलच्या नळ्यांत हवा शिरते. ती स्क्रू सैल करून हातपंपाने काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ते काम आम्ही केले. मग मागून दोर बांधून त्याने ओढले, आणि लॉरी म्हशीने चिखलातून उठावे तशी हळूच वर आली. पैसे देऊ केले, तर त्याने आमचा हात बाजूस सारला.

छावणी कोठे, असे मोडक्या अरबीत विचारले. तो हसला. वाळूत बोटाने त्याने रेघ, वर्तुळ आणि ठिपका काढला आणि हाताची बोटे दाखविली. वर्तुळ म्हणजे पाच. ठिपका म्हणजे शून्य. एकशे पन्नास! मग एकापासून नवापर्यंत सारे अंक त्याने ओळीने काढले. त्यांतील दोन आणि तीन आपल्या बालबोध अंकांसारखेच दिसतात, म्हणून तर आम्ही फसलो. आम्ही कोठले, असे त्याने विचारले. "हिंद," असे सांगताच तो पुन्हा हसला आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे तर हिंदी!" अरब लोक त्या अंकांना हिंदी अंकच म्हणतात. आपल्या देशातून गेलेली अंकपद्धती त्यांनी सांभाळली, आणि आम्ही, शाळेत गणितात बरे गुण मिळविणारे, ती वाचू शकलो नाही.

टायर पुन्हा भरण्यास अडचण नव्हती. ब्रेकच्या हवेच्या टाकीला नळी लावून ते भरता येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी छावणीवर पोहोचलो. मालकाने दोन दिवसांचा पगार कापला. जोडीदाराने चपलांबद्दल पुढे कधी विषय काढला नाही. मात्र तेव्हापासून पाटी दिसली की प्रथम तोच मोठ्याने वाचून दाखवी.

त्या नळातून तेल वाहणे १९९० मध्ये बंद पडले. रस्ता मात्र आहे. तो आता पंचाऐंशी क्रमांकाचा महामार्ग म्हणून ओळखला जातो. पंचाऐंशी, म्हणजे त्यांच्या अंकांत एक उलटा कोन आणि त्यापुढे वर्तुळ.