मुर्कीची अफवा आणि कुलुपाची किल्ली
सीमाभागातील एका हत्येने देशाच्या खासगीपणाच्या वादाला कसे वळण दिले?

पाळत ठेवणाऱ्या राज्यसत्तेचा विषय निघाला की आपल्यापुढे जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी येते. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत घराघरांत एक पडदा बसवलेला असतो. तो बोलतो, तसा पाहतो आणि ऐकतोही. त्याच्याही आधी रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन याने 'वुई' या कादंबरीत काचेच्या घरांचे शहर कल्पिले होते. तेथे भिंतीआड काही उरतच नाही. भारतात मात्र या वादाला गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठे वळण मिळाले, ते महानगरात नव्हे, तर कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या सीमेवरील एका खेड्यात. बीदर जिल्ह्याच्या औराद भागातील हे गाव म्हणजे मुर्की. उदगीर येथून जवळच असून, कन्नडबरोबर मराठीही येथे घराघरांत बोलली जाते.

१३ जुलै २०१८ रोजी हैदराबादहून काही मित्र या भागात एका परिचिताकडे आले होते. त्यांच्यातील एक जण कतारचा नागरिक होता. वाटेत त्यांनी शाळकरी मुलांना चॉकलेट दिले. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवर जोरात फिरत होत्या. गावकऱ्यांनी त्यांना हटकले, ते घाबरून गाडीतून निघाले. गाडीपेक्षा वेगाने त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती पुढच्या गावात पोहोचल्या. मुर्कीत रस्ता अडवण्यात आला, गाडी उलटली आणि जमावाने आतल्यांना मारहाण केली. ३२ वर्षांचा एक सॉफ्टवेअर अभियंता त्यात मरण पावला, इतर जखमी झाले. अडवू पाहणारे पोलीसही जमावाच्या मारातून सुटले नाहीत. त्याआधी बारा दिवसांपूर्वी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्या माणसांचा अशाच संशयातून जीव गेला होता.

पंधरा दिवसांत चार घटना

मुर्कीनंतरच्या पंधरवड्यात ज्या घडामोडी झाल्या, त्यांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयीच्या तेहसीन पूनावाला प्रकरणात निकाल देऊन, हिंसा भडकवणाऱ्या संदेशांना आळा घालण्याचे निर्देश सरकारांना दिले. १९ जुलैला केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने व्हॉट्सॲपला त्याच महिन्यातील दुसरी नोटीस पाठवली. तीत बीदरच्या घटनेचा उल्लेख होता आणि संदेशाचा माग काढता आला पाहिजे, ही मागणी होती. त्याच सुमारास व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. २७ जुलैला न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीचा अहवाल आणि विधेयकाचा मसुदा केंद्राला सादर केला.

एकाच पंधरवड्यात दोन उलट दिशांचे प्रवाह असे समोर आले. एक म्हणत होता, नागरिकांच्या माहितीला कायद्याचे कवच हवे. दुसरा म्हणत होता, नागरिकांच्या संदेशाचा उगम राज्यसंस्थेला कळलाच पाहिजे. दोन्ही मागण्यांमागे खरी कारणे होती. पुढील सात-आठ वर्षांचा वाद या दोहोंच्या संघर्षाचा आहे.

कुलूप कसे असते?

व्हॉट्सॲपवरील संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या वाटेवर, खुद्द कंपनीच्या संगणकावरही, त्याचा मजकूर वाचता येत नाही. किल्ल्या दोन टोकांना असतात. कोणी कोणाशी केव्हा संपर्क साधला, यासारखी वरवरची माहिती कंपनीजवळ असू शकते, मजकूर नसतो.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियम अधिसूचित केले. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या, मुख्यतः संदेशवहन करणाऱ्या सेवांना, एखाद्या संदेशाचा 'पहिला निर्माता' ओळखता येईल अशी व्यवस्था करण्यास त्यांतील नियम ४(२) सांगतो. निष्पक्षपणे सांगायचे तर या नियमाला मर्यादा आहेत. न्यायालयाचा अथवा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खालचा आदेश लागतो, कारण गंभीर गुन्ह्याचे असावे लागते, कमी दखलखोर उपाय उपलब्ध असेल तर हा मार्ग वापरायचा नाही आणि संदेशाचा मजकूर उघड करण्याची सक्ती नाही. मग हरकत कशाला?

हरकत अशी की गुन्ह्याचा संदेश कोणता ठरेल, हे आधी ठाऊक नसते. म्हणून कोणत्याही संदेशाचा उगम नंतर शोधता यावा, यासाठी सर्वच संदेशांची काही ना काही खूण राखावी लागेल. चोर एक असला तरी पावलांचे ठसे गावातल्या प्रत्येकाचे घ्यावे लागतील. मद्रास उच्च न्यायालयातील एका प्रकरणात २०१९ साली आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी संदेशासोबत निर्मात्याची खूण जोडण्याचा मार्ग सुचवला होता. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्यातील त्रुटी दाखवल्या. मे २०२१ मध्ये व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी न्यायालयात सांगितले की कुलूप मोडण्याची सक्ती झाली, तर कंपनीला भारतातून निघून जावे लागेल.

'पहिला निर्माता' कोण?

मुर्कीच्या कसोटीवर हा नियम लावून पाहिला, की त्याची अडचण उघड होते. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत मोटारसायकलवरून मूल उचलून नेताना दाखवत होती. ती मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी मूल परत आणून दिले जाते आणि संदेशाचा फलक झळकतो, एवढा भाग कापून उरलेला भाग फिरवण्यात आला. या चित्रफितीचा पहिला निर्माता शोधायला निघालो, तर हाती लागेल मुलांचे हित पाहणारी परदेशी संस्था. निर्माता देशाबाहेरचा असेल तेव्हा भारतातील पहिल्या पाठवणाऱ्यालाच निर्माता मानावे, असे नियम सांगतो. पण ज्याने कापले तो, ज्याने भाबडेपणाने पुढे पाठवले तो आणि ज्याने दगड उचलला तो, हे तिघे वेगळे आहेत.

मुर्कीच्या तपासात पोलिसांनी काही दिवसांत सुमारे तीस जणांना अटक केली. त्यांत गावातील व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिनही होता. संदेश ज्यांच्या फोनवर पोहोचला, त्यांच्याच फोनवर तो उघडा होता. मारहाणीच्या चित्रफिती खुद्द जमावातील लोकांनीच काढल्या होत्या. तपासाला पुरावा मिळाला तो जुन्याच मार्गाने. संदेशाचा माग काढण्याची सोय कधीच उपयोगाची नाही, असे यातून सिद्ध होत नाही. संघटित अपप्रचारात सूत्रधार सापडणे आवश्यक असते. परंतु जी घटना या मागणीचे कारण म्हणून पुढे केली गेली, तिचे उत्तर त्या मागणीत नव्हते, इतके मात्र दिसते. अफवेचा वेग कमी करणारी पाचाची मर्यादा हे तुलनेने साधे पाऊल होते आणि त्यासाठी कोणाचे कुलूप मोडावे लागले नाही.

कायद्याची वाट

आपल्याकडे पाळतीचा कायदा जुना आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ५(२) नुसार संदेश अडवून पाहण्याचा अधिकार सरकारला होता. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला नियम घालून दिले: आदेश गृहसचिवांनीच द्यावा आणि समितीने त्याचा आढावा घ्यावा. या रचनेत न्यायाधीशाचे स्थान नाही. आदेश देणारे आणि आढावा घेणारे दोघेही शासनाचेच अधिकारी असतात. २० डिसेंबर २०१८ रोजी गृह मंत्रालयाने कलम ६९ खाली दहा यंत्रणांना संगणकांतील माहिती अडवण्यासाठी व तपासण्यासाठी अधिकृत केले.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे की नाही, हेही बराच काळ अनिर्णित होते. १९६२ च्या खडक सिंग प्रकरणात पोलिसांनी रात्रीबेरात्री घरी जाऊन चौकशी करणे न्यायालयाने रद्द केले, पण खासगीपणाचा स्वतंत्र अधिकार बहुमताने मानला नाही. तो मानला गेला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या एकमुखी निर्णयाने. हा खटला दाखल करणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. आधारविरुद्ध त्यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, याचिका केली. या निकालाने कसोटी घालून दिली: कायदा असावा, उद्देश वैध असावा आणि हस्तक्षेप उद्देशाच्या प्रमाणात असावा. मुर्कीपाठोपाठ आलेल्या नियमांची चाचणी याच कसोटीवर व्हायची आहे.

श्रीकृष्ण समितीने राज्यसुरक्षेसाठीही माहिती वापरायची तर संसदेने केलेला कायदा, आवश्यकता आणि प्रमाण या तीन अटी मसुद्यात घातल्या होत्या. २०१९ च्या विधेयकात या अटी सैल झाल्या, तेव्हा खुद्द न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी त्यामुळे ऑर्वेलच्या कल्पनेतील राज्य अवतरू शकते, असा इशारा दिला. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात केंद्र सरकारला अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना कायद्याबाहेर ठेवण्याची मुभा आहे. दुकानदाराने आपला फोन नंबर कसा वापरावा, याचे बंधन या कायद्यात आहे; सर्वांत मोठ्या माहितीधारकासाठी मात्र दार उघडे आहे.

जुनी हजेरी

या परिसराला पाळत नवीन नाही. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून कित्येक भटक्या समूहांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. कलबुर्गीपासून फार दूर नसलेल्या सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. बोटांचे ठसे, नावांची नोंद आणि पोलिसांपुढे हजेरी हा तेथील दिनक्रम. तो कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेरीस रद्द झाला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. त्यातील लातूरचे जग बीदरला लागूनच आहे आणि पोलिसांच्या नजरेखाली वाढणारे बालपण त्यात दिसते. राईनपाड्यात मारले गेलेले लोकही भटकेच होते. अनोळखी माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय कायद्याने लावली आणि कायदा गेल्यावरही ती टिकली. झाम्यातिनची काचेची घरे आपल्याकडे काही समाजांनी प्रत्यक्ष सोसली आहेत.

निजामाच्या राज्यात गश्ती क्रमांक ५३ नुसार सभेसाठी परवानगी घ्यावी लागे. बीदर आणि कलबुर्गी ही त्याच राज्यातील जिल्हे. इकडे पोर्तुगीज गोव्यात लग्नपत्रिकादेखील छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे. १९४८ आणि १९६१ या दोन सालांनी हे दोन प्रदेश त्या नजरेतून मुक्त झाले. म्हणूनच पाळतीच्या प्रश्नाकडे गोव्याच्या वाचकाने परका प्रश्न म्हणून पाहू नये.

पडद्यामागे कोण?

ऑर्वेलच्या कादंबरीत पाहणारी राज्यसत्ता असते. आज पाहणारे अनेक आहेत आणि ते एकमेकांना मदत करतात. जानेवारी २०२० मध्ये बीदरच्या एका शाळेत मुलांनी नागरिकत्व कायद्यासंबंधी नाटक केले. त्याचे चित्रण समाजमाध्यमांवर आले, राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थ्याची आई अटकेत गेल्या आणि लहान मुलांची पोलीस चौकशी झाली. जून २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. शाळेच्या रंगमंचापर्यंत राज्याचा कॅमेरा गेलाच नव्हता; कोणीतरी हातातील फोन वर धरला होता.

मुर्कीतही असेच घडले. तेथे परक्या माणसांवर पाळत ठेवणारे गावकरी होते आणि त्यांच्या मोबाइलचा कॅमेरा हाच कादंबरीतील पडदा होता. ज्याला खासगीपणाची गरज होती तो रस्त्यावरचा प्रवासी होता. सुरक्षितता की खासगीपणा, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा आपण विसरतो की त्या दिवशी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून हिरावल्या गेल्या.

म्हणून मागणी दोन बाजूंनी हवी. अफवा थांबवण्यासाठी स्थानिक पोलिसांना माणसे, प्रशिक्षण आणि गावाशी बोलण्याची भाषा लागते. सीमाभागात ती कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशी चौपदरी आहे. संदेशाचा माग काढायचाच असेल तर आदेश न्यायालयाकडून यावा, त्याची मुदत ठरावी आणि अशा आदेशांची संख्या संसदेपुढे यावी. आणि ज्याच्या हाती फोन आहे त्याने पुढे पाठवण्याआधी थांबावे. राज्याला सगळ्यांच्या कुलुपाची किल्ली देऊन ही शेवटची जबाबदारी कोणालाही टाळता येणार नाही.